संसदीय समित्या आणि स्थलांतरितांचे हक्क : ब्रिटनमधील विंडरश प्रकरणाचा अभ्यास

संसदीय लोकशाहीत कायदेमंडळाची दोन प्रमुख कार्ये सांगितली जातात. कायदे करणे हे एक व कार्यकारी मंडळावर अंकुश ठेवणे हे दुसरे. राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत पहिल्या कार्यास भरपूर पाने मिळतात. दुसरे मात्र प्रश्नोत्तराचा तास, स्थगन प्रस्ताव, अविश्वासाचा ठराव अशा यादीत उरकले जाते. त्यामुळे विद्यार्थी ही यादी पाठ करतो, पण एखाद्या खात्याच्या कारभाराची तपासणी प्रत्यक्षात कशी होते आणि तिच्यामुळे कोणाच्या जीवनात काय फरक पडतो, हे त्याला समजत नाही. या दृष्टीने ब्रिटनमध्ये २०१८ साली उघड झालेले विंडरश प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे. ज्या संसदेने कायदे केले, त्याच संसदेच्या समित्यांना पुढे त्या कायद्यांनी केलेले नुकसान मोजावे लागले.

प्रकरणाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मनुष्यबळाची मोठी टंचाई होती. जून १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरील शेकडो प्रवाशांना घेऊन टिलबरी बंदरात आले. त्याच जहाजावरून पुढे एका संपूर्ण पिढीला नाव मिळाले. ही माणसे कायद्याच्या दृष्टीने परकी नव्हती, ती ब्रिटिश साम्राज्याची प्रजा होती. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतील रहिवाशांना ब्रिटनसारखेच नागरिकत्व दिले. कॅरिबियन बेटांप्रमाणेच भारत, पाकिस्तान व आफ्रिकेतूनही लोक आले. रुग्णालये, रेल्वे, बससेवा व कापड गिरण्या त्यांच्या श्रमावर चालल्या.

१९६२ व १९६८ च्या कायद्यांनी हे दार आकसत गेले. १९७१ चा इमिग्रेशन कायदा १ जानेवारी १९७३ रोजी अंमलात आला. त्या दिवशी जे कॉमनवेल्थ नागरिक ब्रिटनमध्ये स्थायिक होते, त्यांचा कायम वास्तव्याचा हक्क त्याने मान्य केला. येथेच सर्व गोम आहे. हक्क मान्य झाला, परंतु त्याचा दाखला कोणालाही आपोआप दिला गेला नाही. आईवडिलांच्या पासपोर्टवर आलेल्या मुलांजवळ तर स्वतःच्या नावाचा एकही कागद नव्हता. शिवाय याच कायद्यातील एका कलमानुसार आपण सवलतीस पात्र आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती मागणाऱ्या व्यक्तीवरच होती. चाळीस वर्षे कोणी कागद मागितला नाही, म्हणून त्याची उणीवही कोणाला जाणवली नाही.

मे २०१२ मध्ये तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांनी बेकायदा स्थलांतरितांसाठी देशात 'प्रतिकूल वातावरण' निर्माण करण्याचा मनोदय एका मुलाखतीत जाहीर केला. त्यानुसार २०१४ व २०१६ चे इमिग्रेशन कायदे झाले. घरमालक, बँका, वाहन परवाना देणारी यंत्रणा, मालक व रुग्णालये यांना समोरच्याचा वास्तव्याचा दर्जा तपासण्याचे काम लावण्यात आले. म्हणजे सीमेवरील पहारा थेट घराच्या उंबरठ्यापर्यंत आला. २०१४ च्या विधेयकाला तिसऱ्या वाचनाच्या वेळी कॉमन्स सभागृहात विसांपेक्षा कमी सदस्यांनी विरोध केला, तर प्रमुख विरोधी पक्षाने विरोधात मतदान करण्याचे टाळले. संसदीय तपासणीचा विचार करताना हा आकडा दृष्टीआड करून चालणार नाही. समित्यांनी नंतर दाखविलेली तडफ वाखाणण्यासारखी असली तरी कायदा होत असतानाची उदासीनता त्याच संसदेची होती.

परिणाम व्हायचे ते झाले. पन्नास वर्षे कर भरलेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, भत्ते बंद झाले, घर भाड्याने मिळेना. लंडनमध्ये ४४ वर्षे राहिलेल्या एका कर्करुग्णाकडे उपचारासाठी ५४,००० पौंड मागण्यात आले. गृहखाते वास्तव्याच्या प्रत्येक वर्षासाठी लेखी पुरावे मागत असे. दुसरीकडे, जुन्या प्रवाशांच्या आगमनाची नोंद असलेली लँडिंग कार्डे त्याच खात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती.

समितीसमोर गृहमंत्री

'गार्डियन' या वृत्तपत्राने नोव्हेंबर २०१७ पासून अशा हकिगती छापण्यास सुरुवात केली. १६ एप्रिल २०१८ रोजी डेव्हिड लॅमी यांनी कॉमन्समध्ये तातडीचा प्रश्न विचारला व गृहमंत्री अंबर रड यांना माफी मागावी लागली. सभागृहातील चर्चा येथे थांबली असती, तर हे प्रकरण इतर अनेक प्रकरणांप्रमाणे माफीवरच मिटले असते. पुढचे काम समित्यांनी केले.

ब्रिटनमध्ये 'सिलेक्ट कमिटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खातेनिहाय समित्या १९७९ पासून आहेत. एकेका खात्याचा खर्च, कारभार व धोरण तपासणे हे त्यांचे काम. २०१० पासून बहुतेक समित्यांचे अध्यक्ष सर्व सदस्यांच्या गुप्त मतदानाने निवडले जातात. त्यामुळे अध्यक्षाला पक्षश्रेष्ठींची मर्जी सांभाळण्याची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. साक्षी सहसा खुल्या बैठकीत होतात व त्यांचे शब्दशः वृत्त प्रसिद्ध होते. समितीच्या अहवालास सरकारने साधारणतः दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे, असा संकेत आहे. भारतात विभागसंलग्न स्थायी समित्या १९९३ पासून कार्यरत असून २००४ मध्ये त्यांची संख्या १७ वरून २४ झाली. परंतु आपल्याकडे या बैठका बंद दाराआड होतात व साक्षीसाठी खात्याचे सचिव येतात, मंत्र्याला पाचारण करण्याची प्रथा नाही. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो. त्याचे महत्त्व २५ एप्रिल २०१८ च्या बैठकीवरून ध्यानात येते.

त्या दिवशी गृहव्यवहार समितीपुढे प्रथम इमिग्रेशन कर्मचाऱ्यांच्या संघटनेची साक्ष झाली. देशाबाहेर पाठवावयाच्या माणसांची उद्दिष्टे कार्यालयांना ठरवून दिलेली असतात, असे संघटनेने सांगितले. त्यानंतर गृहमंत्री आल्या. समितीच्या अध्यक्षा यव्हेट कूपर यांनी हाच प्रश्न त्यांना विचारला असता, अशी उद्दिष्टे नसल्याचे रड यांनी उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी त्यांना कॉमन्समध्ये स्थानिक पातळीवर उद्दिष्टे वापरली जात असल्याचे मान्य करावे लागले. तोच त्यांच्या कार्यालयाकडे गेलेले एक टिपण उघड झाले. त्यात २०१७-१८ साठी सक्तीने परत पाठवावयाच्या व्यक्तींचे १२,८०० हे उद्दिष्ट नमूद होते. २९ एप्रिल रोजी त्यांनी, समितीची आपल्याकडून अनवधानाने दिशाभूल झाली असे सांगून, राजीनामा दिला. भाषण करताना मंत्री निसटून जाऊ शकतो. पण नेमका प्रश्न, त्याच विषयावरचा दुसरा साक्षीदार आणि नोंदविलेले उत्तर यांच्या कात्रीत तो सापडतो. समितीची खरी ताकद शिक्षेत नाही, या नोंदीत आहे.

मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने वेगळा मार्ग धरला. गृहखात्याने स्थानबद्ध केलेल्या दोन व्यक्तींच्या खात्यातील फायली तिने मिळविल्या व त्यांचे पान न् पान तपासले. वास्तव्याचा पुरावा फायलीत असूनही दोघांना स्थानबद्ध केले होते, असे त्यातून निष्पन्न झाले. जून २०१८ च्या अहवालात समितीने या सुट्या चुका असल्याचा खुलासा अमान्य करून हा दोष यंत्रणेचाच असल्याचे म्हटले. धोरणाविषयी शंभर वेळा वाद घालण्यापेक्षा दोन फायली नीट वाचणे अधिक उपयोगी ठरते, याचा हा उत्तम नमुना होय. संशोधन पद्धती शिकविणाऱ्या अध्यापकांनी तो जरूर पाहावा.

राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल डिसेंबर २०१८ मध्ये आला व त्या आधारे लोकलेखा समितीने मार्च २०१९ मध्ये आपला अहवाल दिला. गृहखात्याने कॅरिबियन नागरिकांच्या सुमारे ११,८०० प्रकरणांची छाननी करून १६४ व्यक्ती स्थानबद्ध किंवा देशाबाहेर पाठविल्या गेल्याचे कबूल केले होते. समितीचा आक्षेप छाननीच्या मर्यादेवर होता. भारतासह इतर कॉमनवेल्थ देशांतून आलेल्यांची प्रकरणे खात्याने तपासलीच नव्हती. संख्या लहान दिसण्याचे एक कारण अनेकदा शोधच लहान असणे हे असते.

कल्याणकारी सेवा आणि माहितीची देवाणघेवाण

२०१७ च्या प्रारंभी आरोग्यसेवेची माहिती यंत्रणा व गृहखाते यांच्यात एक करार झाला होता. त्याअन्वये रुग्णाचा पत्ता गृहखात्याला मिळू शकत असे. आरोग्य समितीच्या अध्यक्षा सारा वोलास्टन या स्वतः डॉक्टर व सत्ताधारी पक्षाच्या. माणसे दवाखान्यात जाण्यास घाबरतील व त्यातून सर्वांच्याच आरोग्याला धोका पोहोचेल, असे समितीने ठामपणे मांडले. मे २०१८ मध्ये सरकारने या देवाणघेवाणीवर कडक मर्यादा घातली. शाळेतील मुलांचे राष्ट्रीयत्व व जन्मदेश यांची २०१६ पासून होत असलेली नोंदही २०१८ मध्ये थांबविण्यात आली. तत्पूर्वी लॉर्ड्स सभागृहाने तिच्याविषयी खेदाचा ठराव केला होता. शिक्षकाला पहारेकरी बनविले तर मूल शाळेत येईलच याची शाश्वती कोण देणार?

'सरकारी निधीचा आधार नाही' अशी अट अनेक स्थलांतरितांच्या परवान्यावर असते. तिच्यामुळे कायदेशीरपणे काम करणाऱ्या व कर भरणाऱ्या माणसालाही बहुतेक भत्ते मिळत नाहीत. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, स्टीफन टिम्स यांनी संपर्क समितीपुढे आलेले पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना आपल्या मतदारसंघातील अशा एका कुटुंबाची अवस्था सांगितली. अशा लोकांना मदत का मिळू नये, असा उलट प्रश्न पंतप्रधानांनीच केला! ज्या अटीवर असंख्य कुटुंबांची चूल अवलंबून होती, ती सरकारच्या प्रमुखाला ठाऊकच नव्हती, असा याचा सरळ अर्थ होतो. अट मात्र तशीच राहिली.

तपासणीच्या मर्यादा

ब्रिटनमधील स्थलांतराचे नियम मूळ कायद्यात नसतात. गृहमंत्री बदलांचे निवेदन संसदेपुढे ठेवतात व ४० दिवसांत सभागृहाने नापसंतीचा ठराव केला नाही तर नियम कायम राहतात. कॉमन्सने १९७२ व १९८२ मध्ये असे नियम फेटाळले होते, पण हे अपवाद होत. एरवी शेकडो पानांचे नियम चर्चेविना लागू होतात.

दुसरी मर्यादा अशी की समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. नुकसानभरपाईची योजना एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली. गृहव्यवहार समितीच्या नोव्हेंबर २०२१ च्या अहवालानुसार, अंदाजे १५,००० पात्र व्यक्तींपैकी सप्टेंबरअखेर जेमतेम एक पंचमांश लोकांनी अर्ज केले होते. रक्कम मिळालेल्यांचे प्रमाण ५.८ टक्के होते, आणि २३ अर्जदार पैसे हाती पडण्यापूर्वीच वारले होते. ज्या खात्याने अन्याय केला त्याच्याकडेच दाद मागण्यास लोक कचरतात, हे ओळखून समितीने ही योजना स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्याची शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही. वेंडी विल्यम्स यांच्या मार्च २०२० च्या चौकशी अहवालातील ३० शिफारशी सरकारने आधी मान्य केल्या, पण जानेवारी २०२३ मध्ये त्यांतील तीन सोडून दिल्या. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी दोन सोडणे बेकायदा ठरविले. समिती जेथे थांबते तेथून न्यायालयाला पुढे जावे लागते.

गोव्यातील वाचकांसाठी या विषयाला आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन व साउथॉल येथे गेलेल्या गोमंतकीय कुटुंबांचा दर्जा ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर नव्या योजनेखाली आला. तेथे ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करणे आवश्यक होते. गृहव्यवहार समितीने मे २०१९ मध्येच या योजनेतून विंडरशची पुनरावृत्ती होण्याचा इशारा दिला होता. मिळालेला दर्जा केवळ संगणकावर दिसतो, हातात कागद येत नाही. २०२० मध्ये लॉर्ड्स सभागृहाने छापील दाखल्याची तरतूद करणारी दुरुस्ती मंजूर केली, कॉमन्सने ती फेटाळली. तात्पुरता दर्जा असलेल्याने पुन्हा अर्ज केला नाही तर त्याचा हक्कच संपतो, हा नियम डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविला. त्यानंतर २०२४ अखेर इतर देशांच्या स्थलांतरितांची प्लास्टिकची निवासपत्रेही बंद करून त्यांनाही संगणकावरील नोंदीकडे वळविण्यात आले.