सातच्या आत ताटात!

लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की हल्ली दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. दुसरा म्हणतो, दिवसातून दोनदाच आणि तेही ५५ मिनिटांत. आहारतज्ज्ञ दिवेकर की डॉक्टर दीक्षित, यावरून घराघरात जुंपलेली असताना कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमधला एक ओडिया शास्त्रज्ञ तिसरंच काहीतरी विचारतो: पहिला घास किती वाजता आणि शेवटचा किती वाजता?

त्यांचं नाव डॉ. सच्चिदानंद पांडा. अमेरिकेत ते ‘सॅचिन’ झाले, त्यामुळे आपल्याला आधी बॅटच आठवते. पण यांचा खेळ घड्याळाचा, तेही शरीरातल्या.

हे घड्याळ काही नवं नाही. १७२९ साली द मेरां या फ्रेंच गृहस्थाने लाजाळूसारखं एक झाड अंधारात कोंडून ठेवलं, तरी पानं आपली ठरल्या वेळी मिटत-उघडत राहिली. माणसाचं मुख्य घड्याळ मेंदूत, तांदळाच्या दाण्याहूनही लहान जागेत असतं. त्यात पेशी साधारण २०,०००. गंमत म्हणजे ते बरोबर चोवीस तासांचं नसतं, सरासरी दहा-अकरा मिनिटं मागे पडतं. रोज सकाळचा उजेड त्याला चावी देतो.

उजेडाची ही खबर मेंदूला पोचवतं कोण? डोळाच, पण बघायच्या कामाशी या खबरीचा फारसा संबंध नाही. मेलानॉप्सिन नावाचं प्रथिन १९९८ साली आधी बेडकाच्या कातडीतल्या पेशींत सापडलं आणि मग डोळ्याच्या पडद्यातही. ते नसलेल्या उंदरांचं घड्याळ उजेडाला नीट दाद देत नाही, हे २००२ साली दाखवणाऱ्यांत पांडाही होते. मेलानॉप्सिनला सगळ्यात जास्त चेतवतो तो निळसर उजेड. आता मध्यरात्री उशाशी काय चमकत असतं, ते मी सांगायला हवं का?

पण मेंदूचं घड्याळ उजेडावर लागतं, तसं यकृताचं लागतं जेवणावर. इथेच खरी मजा आहे. २०१२ साली पांडांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या दोन गटांना तेच ते चरबीदार खाणं मिळालं. एका गटाला चोवीस तास भांडार खुलं, दुसऱ्याला फक्त आठ तास, तेही रात्री, कारण उंदराचा दिवस रात्रीच उजाडतो. दोन्ही गटांच्या पोटात कॅलरी सारख्याच गेल्या. शंभराहून जास्त दिवसांनी पहिले गलेलठ्ठ, दुसरे सडपातळ. खाणं तेच, फक्त शटर वेळेवर खाली!

मग पाळी माणसांची. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५६ जणांनी तोंडात जाईल त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा होता. ‘आम्ही तीनदाच जेवतो’ हे म्हणणं तिथेच गळून पडलं. निम्म्याहून अधिक लोकांचं तोंड दिवसाकाठी पंधरा तास किंवा जास्तच चालू होतं. त्यांतल्या आठ जाड्या मंडळींनी खाण्याचा वेळ दहा-अकरा तासांवर आणला आणि सोळा आठवड्यांत सरासरी तीन किलोंहून जास्त वजन उतरलं. जेवणात अमुक खा, तमुक सोडा, असं कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. आठ माणसं म्हणजे रिक्षात दाटीवाटीने बसतील एवढीच, हेही खरं. पुढे सॅन दिएगोच्या अग्निशमन दलातल्या १३७ जवानांवर प्रयोग झाला. त्यांची ड्यूटी चोवीस तासांची, झोपेची कायमची बोंब. तिथेही दहा तासांत खाणं उरकणं जमलं.

लगेच हुरळून जाऊ नका. २०२२ साली चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर पाहणी झाली. सगळ्यांनी कॅलरी मोजूनमापून कमी केल्या, अर्ध्यांनी वर वेळही पाळली. वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे दुपारी चारला शटर ओढलं म्हणून तीन वाजता बासुंदी ओरपायची सवलत नाही.

जैन शेजाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही, ते चौविहार पाळून सूर्यास्ताआधी मोकळे होतात. पांडा सूर्याकडे बोट दाखवत नाहीत. त्यांचं मागणं एवढंच, की झोपायच्या दोन-तीन तास आधी स्वयंपाकघर बंद करा. वरच्या मथळ्यातले सात माझे. आणि हो, दूध-साखरेचा चहासुद्धा खाण्यात धरायचा. पहाटेच्या त्या अर्ध्या कपाने घड्याळ सुरू!

मीही एक दिवस फोटो काढून पाहिले. सकाळी सव्वासहाला चहा. अकराला दाणे, डबा खाली ठेवता ठेवता. साडेपाचला चहा-खारी. आठला जेवण, रीतसर. शेवटचा फोटो अकरा वाजून चाळीस मिनिटांचा: फ्रिजचं दार उघडं, श्रीखंडाचा डबा आणि मागे उभी असलेली बायको.