सॉस आधी, लावा नंतर

साफ केलेला लावा सव्वाशे ते दीडशे ग्रॅम भरतो. म्हणजे माणशी दोन धरावे लागतात. एवढ्याशा पक्ष्यासाठी वेगळा सॉस करण्याचा खटाटोप कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण या पक्ष्याला रस्सा मानवत नाही आणि फळ मानवतं. त्याची कारणं त्याच्या अंगकाठीत आहेत.

आधी पक्षी कुठला, ते बघू. आपल्याकडे लाव्याचं कौतुक जुनं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हितकर पदार्थांची यादी आहे, त्यात पक्ष्यांमध्ये पहिला मान लाव्याच्या मांसाला दिलाय. मात्र माळरानावर दिसणारे लावे आता फक्त बघायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची शिकार गुन्हा आहे. दुकानात ‘बटेर’ म्हणून मिळतो तो जपानी लावा. 1974 मध्ये कॅलिफोर्नियातून तो उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आणला गेला, आणि आता कोंबडीसारखा शेडमध्ये वाढवला जातो. पाच-सहा आठवड्यांत तो विक्रीला तयार होतो. कुणी ‘रानातला आणून देतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

घेताना एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: कातडीसकट हवा. इवल्याशा पक्ष्याची पिसं उपटत बसण्यापेक्षा कातडीच ओढून काढणं दुकानदाराला सोपं पडतं, त्यामुळे न सांगता मागितलात तर उघडाबोडका पक्षी हातात येतो. अंगावर जी काही चरबी आहे ती बहुतेक त्या कातडीखालीच असते. ती गेली की उरतं कोरडं मांस. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर बहुतेक दुकानदार ऐकतात.

आता उष्णतेचं गणित. मांसाच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट. लाव्याच्या छातीचा तुकडा जाडीला जेमतेम दीड सेंटिमीटर, त्यामुळे तो काही मिनिटांत आतपर्यंत शिजतो. कातडी खरपूस व्हायला मात्र पृष्ठभाग दीडशे अंशांच्या आसपास जावा लागतो, आणि कातडी ओली असेल तर ते पाणी उडून जाईपर्यंत तापमान शंभरावर अडकून राहतं. तेवढ्यात आतलं मांस शिजून पुढे कोरडंही होऊन जातं. लावा बिघडतो तो बहुतेक इथेच. रश्श्यात तर हा प्रश्न आणखी चिघळतो. आपण मटण रश्श्यात शिजवतो कारण त्यातल्या चिवट तंतूंना मऊ व्हायला तासभर लागतो. पाच आठवड्यांच्या लाव्यात तसं चिवट फारसं काही नसतंच. रश्श्यात अर्धा तास उकळला की छातीचे धागे सुटतात.

म्हणून कामं वेगळी करायची. हाडांचा सॉस आधी आणि निवांतपणे करायचा, पक्षी शेवटी आणि झटपट. सॉस थांबू शकतो, पक्षी थांबू शकत नाही.

फळांसोबतच्या लाव्याचा सर्वांत नावाजलेला प्रकार फ्रान्सचा आहे. तिथे त्याला ‘काय ओ रेझँ’ म्हणतात, म्हणजे द्राक्षांबरोबरचे लावे. ही जोडी जुळली ती ऋतूमुळे. युरोपातला लावा स्थलांतर करणारा. उन्हाळ्यात तिकडे पिल्लं वाढवायची आणि शरद ऋतूत आफ्रिकेकडे निघायचं. निघण्याआधी तो दाणे खाऊन अंगावर चरबी चढवतो, आणि नेमकी त्याच सुमारास द्राक्षं तोडणीला येतात. मळ्यात एका हाताला फळ, दुसऱ्या हाताला पक्षी. आता तिथेही ताटात येतो तो बहुधा पाळलेलाच, पण जोडी टिकून आहे. आपल्याकडे द्राक्षांचा भर जानेवारी ते एप्रिल, त्यामुळे हा पदार्थ त्या महिन्यांतला समजा.

दोन माणसांसाठी चार लावे घ्या. पक्षी पालथा ठेवून स्वयंपाकाच्या कात्रीने कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापत जा आणि कणा काढून घ्या. मग उताणा करून छातीच्या मधल्या हाडावर तळहाताने दाब द्या. कट्‌ असा आवाज येतो आणि पक्षी पुस्तकासारखा उघडा, सपाट होतो. सगळीकडे जाडी जवळपास सारखी झाली म्हणजे तो सारखा शिजतो. कणे, माना आणि पंखांची टोकं टाकू नका, सॉस त्यांचाच आहे.

चार पक्ष्यांना मिळून सपाट एक चमचा मीठ चोळा आणि कातडीची बाजू वर करून, न झाकता, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. न झाकता ठेवणं महत्त्वाचं, कारण फ्रीजच्या कोरड्या हवेत कातडी सुकते. मीठही हळूहळू आत उतरतं आणि प्रथिनांची घट्ट वीण जरा सैल करतं, त्यामुळे शिजताना मांस पाणी धरून ठेवतं. दही, लिंबू, पपई लावून रात्रभर मुरवण्याची आपली सवय इथे आवरा. कोंबडीच्या जाड तंगडीला ते चालून जातं. लाव्याच्या पातळ मांसात आंबट पार आतपर्यंत जातं आणि मांस न शिजवताच भुसभुशीत होतं. पपईने तर लगदा होतो.

सॉसची सुरुवात हाडांपासून. चमचाभर तेलात कणे आणि माना चांगल्या तपकिरी होईपर्यंत परता. कोंबडीची एक-दोन हाडं पडून असतील तर तीही टाका, कारण लाव्याची हाडं मूठभरच भरतात. एक छोटा कांदा, चार मिरे, एक तमालपत्र आणि तीन कप पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवा. फसफसून उकळू नका, चरबी पाण्यात घुसळली जाते आणि रस गढूळ होतो. या पाऊण तासात हाडं-कूर्चांमधलं कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं, आणि सॉसला अंग येतं ते त्यामुळेच. द्राक्षात पेक्टिन कमी असतं, त्यामुळे त्याचा रस एकटा कितीही आटवला तरी दाट होण्याऐवजी चिकट, गोड पाक होतो. रस गाळून दीड कप राहिला पाहिजे. मीठ आत्ता घालू नका. पुढे तो आटणार आहे, आणि पाणी गेलं तरी मीठ जात नाही.

फळ दोनदा घालायचं, या पदार्थातली खरी खुबी ती. पाव किलो द्राक्षांपैकी निम्मी हाताने चुरून गाळून घ्या. तो रस हाडांच्या रसात ओतून मध्यम आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवा. यातून आंबट-गोड पाया मिळतो, पण ताज्या द्राक्षाचा वास वाफेबरोबर निघून जातो, कारण तो वास हलक्या, पटकन उडणाऱ्या द्रव्यांचा असतो. तो परत आणायला उरलेली द्राक्षं अगदी शेवटी, दोन मिनिटांसाठी घालायची: गरम होतील, पण फुटणार नाहीत इतपतच. थॉमसनची साल पातळ असते, ती तशीच चालते. जाड सालीची काळी द्राक्षं असतील तर वीस-तीस सेकंद उकळत्या पाण्यात टाकून सोला.

आता चव बघा. आपली बाजारातली द्राक्षं फारच गोड असतात. द्राक्षाचा आंबटपणा टार्टारिक आणि मॅलिक या दोन आम्लांचा, आणि पिकताना मॅलिक घटत जातं. म्हणून फ्रेंच स्वयंपाकी बरेचदा कच्च्या द्राक्षांचा आंबट रस वापरतात, त्याला ‘व्हेर्जू’ म्हणतात. नाशिक-तासगावकडच्या वाचकांच्या मनात विरळणीत काढलेले हिरवे मणी येतील. ते घेऊ नका. त्या काळात बागेवर फवारण्या चालू असतात. त्यापेक्षा अर्धं लिंबू बरं, किंवा काळी द्राक्षं असतील तर दोन आमसुलं. आमसुलं पाच मिनिटांत काढून घ्या, बऱ्याचदा ती खारवलेली असतात.

एवढा खटाटोप आंबटासाठी का? लोणी, कातडीची चरबी आणि जिलेटिन यांचा जिभेवर थर बसतो. आंबटाने लाळ सुटते, तो थर धुतला जातो आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. शिवाय लाव्याची छाती कोंबडीसारखी पांढरी नसते. स्थलांतरात लांबवर उडणाऱ्या पक्ष्याची ती छाती, म्हणून तिचे स्नायू लालसर असतात, त्यांत मायोग्लोबिन जास्त, आणि मांसाला काळजाची आठवण करून देणारी किंचित लोहाची चव असते. फळाची गोडी ती चव झाकत नाही, मऊ करते. कोंबडीच्या छातीवर हाच सॉस ओतलात तर तो मिठाईसारखा लागेल.

सॉस तयार झाला की बिडाचा तवा चांगला तापवा. पक्षी फ्रीजमधून वीस मिनिटं आधी बाहेर काढून कागदाने टिपून घ्या. तव्यावर साजूक तूप घाला. फ्रेंच माणूस लोणी घेतो, पण लोण्यातले दुधाचे कण अशा आचेवर करपतात. तुपात ते नसतात, म्हणून इथे आपलं तूप सरस. कातडी खाली करून पक्षी ठेवा आणि वरून जड झाकणाने दाबा. चार-पाच मिनिटांत कातडी बदामी होते. मग उलटून दोन-तीन मिनिटं. मांसाचा थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात 74 अंश सेल्सिअस बघा, नसेल तर सांध्याजवळ टोचून येणारा रस स्वच्छ आहे ना ते पाहा. काही ठिकाणी छाती आतून गुलाबी ठेवतात. पोल्ट्रीच्या पक्ष्याला घरी ते धाडस करू नये. शिजलेले पक्षी ताटलीत पाच मिनिटं पडू द्या.

त्या पाच मिनिटांत तव्यातलं जास्तीचं तूप ओतून टाका, दोन चमचे पाणी घाला आणि तळाचा तपकिरी थर उलथन्याने सोडवून सॉसमध्ये ढकला. ताटलीत सुटलेला रसही त्यातच. उरलेली द्राक्षं घाला. मग आच बंद करून थंड लोण्याचे दोन-तीन तुकडे एकेक करत घोळवा. आच चालू ठेवलीत तर लोणी फुटून वर तेल तरंगतं. चमच्याच्या पाठीवर सॉसचा थर बसला आणि त्यावर बोट ओढल्यावर रेघ राहिली की झालं. मीठ आता. ताटात सॉस खाली, पक्षी वर. उलट केलंत तर एवढ्या मेहनतीने कुरकुरीत केलेली कातडी मिनिटभरात मऊ पडते.

ही रीत एकदा हातात बसली की फळ बदलता येतं, पण प्रत्येक फळाची खोड वेगळी. सोलापूरचं भगवा डाळिंब दिसायला देखणं, पण आंबटाला कमी. रस आटवून लिंबू पिळावंच लागतं. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया भरडल्या की तुरट-कडू उतरतं. फडक्यात घालून पिळा. इराणी लोक डाळिंबाच्या आटीव रसात अक्रोड वाटून ‘फेसेन्जान’ करतात, बदक किंवा कोंबडी घालून तासन्‌तास शिजवतात. लाव्यासाठी त्यातला फक्त सॉस उचलावा. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर, ती स्वतःच दाट होतात, त्यामुळे उन्हाळ्यात माझी पहिली पसंती करवंदांना. जांभूळ मात्र फसतं. त्याचा तुरटपणा चरबीदार डुकराच्या मांसाला शोभतो, लाव्याच्या सुक्या मांसाबरोबर तोंडाला कोरड पडते. अननसाचा रस उकळूनच घाला, कारण त्यातलं ब्रोमेलेन कच्चं राहिलं तर जिलेटिन तोडतं आणि सॉसचं पाणी होतं.

लॉरा एस्क्विव्हेल या मेक्सिकन लेखिकेच्या ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ या 1989 च्या कादंबरीत लाव्यांसाठी गुलाबपाकळ्यांचा सॉस आहे. त्यात चेस्टनट, मध आणि पिताया पडतं. पिताया म्हणजे सांगली-सोलापुरात आता पिकणाऱ्या ड्रॅगनफ्रूटच्याच गोतावळ्यातलं फळ. वाचायला तो सॉस अप्रतिम आहे. करायचा असेल तर लिंबू हाताशी ठेवा, नुसत्या ड्रॅगनफ्रूटला आंबटपणा जवळजवळ नसतोच.

राहिला आंबा. कैरी उकडून तिच्या गरात थोडा गूळ आणि भरडलेलं जिरं घातलंत तर कोळशावर भाजलेल्या लाव्याबरोबर ती झकास लागते. हापूस मात्र सॉसमध्ये घालू नका. शिजवला की त्याचा वास डब्यातल्या रसासारखा होतो आणि गोडी बाकी सगळं दाबून टाकते. तो जेवण झाल्यावर तसाच चिरून खा.