आधी भाजायला शिका
धुळ्यात पांझरा ओलांडून उत्तरेला आलं की देवपूर लागतं. महाविद्यालयांमुळे इथे खोल्या करून राहणारी मुलं-मुली पुष्कळ. मेसच्या जेवणाला कंटाळलं की खोलीत शेगडी येते, कढई येते, आणि किराणा दुकानात उभं राहिलं की गोंधळ उडतो. दगडफूल म्हणजे काय? बाद्यान कशात घालायचं? कळण्याचं पीठ नेमकं कशाचं? यादी लांबत जाते आणि स्वयंपाक राहून जातो. माझं ठाम मत आहे की खान्देशी स्वयंपाकाची सुरुवात यादीपासून करूच नये, भाजण्यापासून करावी. वांगं, कांदा, खोबरं, शेंगदाणे, मिरची, सगळ्यांची चव इथे विस्तवावर ठरते.

छापील पुस्तकांचा नवशिक्यांना मोठा आधार झाला. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 साली आलं, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली. ‘रुचिरा’तल्या वाटी-चमच्याच्या मापावर कितीतरी घरांतल्या मुली शिकल्या, मुलगेही शिकले. पण कांदा किती काळा व्हायला हवा, हे वाटीने मोजता येत नाही.

काळ्या रश्श्याचं वाटण घ्या. कांदा सालासकट थेट आचेवर ठेवायचा आणि फिरवत राहायचं. वरची साल जळून कोळसा होते, आतला कांदा मऊ आणि गोडसर होतो. दाबून बघा, बोट आत रुतलं की झाला. जळकी साल काढून टाका. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून आचेवर न्या. खोबऱ्यात तेल भरपूर, त्यामुळे ते पेट घेतं; घाबरू नका, फुंकर मारून विझवा आणि दुसरी बाजू धरा. गडद तपकिरी रंग हवा, नुसती काजळी नको. मग लसूण, आलं, कोथिंबीर घालून बारीक वाटा. खोबरं विकत घेतानाच हुंगून घ्या. खवट वास आला तर ते भाजूनही सुधारत नाही. वाटण त्या त्या दिवसापुरतंच करा. भरून ठेवायचा तो कोरडा मसाला.

कोरड्या मसाल्यातली अनोळखी मंडळी फार नाहीत. दगडफूल हे फूल नव्हे. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने वाढून झाडांच्या सालींवर, खडकांवर जे पापुद्रे धरतात, ते हे. कोरडं हुंगलं तर वास जेमतेम येतो, कोमट तेलात पडलं की खुलतं. त्यातले सालीचे तुकडे आणि खडे आधी निवडून टाका. बाद्यान म्हणजे चक्रीफूल. त्याचं झाड मूळचं दक्षिण चीन-व्हिएतनामकडचं, आणि बडीशेपेला ज्या द्रव्याचा वास असतो तेच यातही असतं, म्हणून ते गोडसर लागतं. चार जणांच्या रश्श्याला त्याच्या दोन पाकळ्या बस्स. जायपत्री हे जायफळाच्या बीवरचं लालसर आवरण. सगळे जिन्नस एकदम कढईत ओतू नका. धण्यांना वेळ लागतो, तीळ-खसखशीला काही क्षण पुरतात. शेंगदाणेही मंद आचेवर भाजा आणि लगेच ताटात काढा, तापलेल्या कढईत ते नंतरही करपत राहतात. आणि परंपरेचं फार दडपण घेऊ नका. ज्या मिरची-शेंगदाण्यावर खान्देशची चव उभी आहे, ते दोन्ही अमेरिका खंडातून आलेले.

भरीत मात्र निगुतीने करावं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016-17 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव या वांग्यासाठी सगळ्यांच्या तोंडी असतं. फिकट हिरवं, पांढुरक्या रेषांचं, थोराड वांगं. आकाराच्या मानाने हलकं लागेल ते उचला, बिया कमी निघतात. शेतात ते तुरीच्या काड्यांवर किंवा कपाशीच्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाटीवर, भाजतात आणि धुराचा वास गरात उतरतो. गॅसवर तेवढा वास येणार नाही, पण चांगलं भरीत होतं. वांग्याला सुरीने टोचे मारा, नाहीतर फुटतं. तेलाचा हात लावा, सगळ्या अंगांनी फिरवा. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो, म्हणून सुरी तिथेच घालून बघा. पाच मिनिटं झाकून ठेवलं की साल सहज सुटते. ती पाण्याखाली धुऊन काढू नका, चव वाहून जाते. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून ठेचा, त्यात गर ठेचा. मिक्सरला हात लावू नका. तेलात शेंगदाणे तळून घाला, मग कांद्याची पात आणि कोथिंबीर.

सोबत कळण्याची भाकरी. कळणं म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद मीठ घालून एकत्र दळलेले. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घ्या. नवशिक्याने याच भाकरीने सुरुवात करावी. नुसत्या ज्वारीत चिकटपणा नसतो, पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी कडेने फाटते. उडदाने पीठ धरून राहतं. थोडं थोडंच दळून आणा, गरम पाण्यात मळा.

शेवभाजीला वेगळं शिकायला लागत नाही. वरचं वाटण तेल सुटेपर्यंत परता, म्हणजे त्यातलं पाणी आटून तेल कडेने दिसू लागेपर्यंत. मग उकळतं पाणी घाला. गार पाण्याने तर्री बसते. जाड तिखट शेव वाढताना घाला, आधी घातली तर लगदा. त्याच रश्श्यात बेसनाच्या पाटोड्या सोडल्या की पाटोडीची भाजी.

वरण-बट्टीला गव्हाचं पीठ जाडसर दळून आणा, त्यात मूठभर मका चालतो. मोहन घालून घट्ट मळा, वळकट्या उकडा, गार झाल्यावरच कापा आणि तळा. गरम कापलं तर भुगा होतो. तुरीचं वरण आणि घोटलेल्या वांग्याची भाजी हवीच.

खापरावरचे मांडे मात्र खोलीत एकट्याने करायला घेऊ नका. पातळ पोळी दोन्ही हातांवर पसरवत तापल्या खापरावर टाकणं पुस्तकातून येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारी कुणाच्या घरी खापर मांडणार असतील, तर काकूंना विचारून पुरण वाटायच्या वेळीच जा. भिजवलेल्या पिठाला हात लावून बघा, ते किती सैल आहे हे तिथेच कळेल.