घास अडतो तेव्हा

लासूर स्टेशनला बाजरीची भाकरी रोजची. पार्किन्सन्स झालेल्या माणसाला मात्र तिचा कोरडा घास अडतो. घट्ट वरणात कालवून एकजीव करा. पाणी, चहा तर त्याहून फसवे: श्वासनलिकेत शिरतात आणि कित्येकदा ठसकाही लागत नाही. न्यूमोनिया होतो तो यातूनच, म्हणून हे मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. ज्याच्या नावानं हा आजार ओळखला जातो, त्या जेम्स पार्किन्सननं १८१७ मध्येच गिळण्याचा त्रास नोंदवला होता. ताठ बसवा, लहान घास द्या, मध्ये बोलायला लावू नका. पार्किन्सन्सच्या गोळीचा अंमल असताना जेवण सोपं जातं. जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल किंवा वजन घटत असेल, तर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. गिळण्याचे व्यायाम वाचा-उपचारतज्ज्ञ शिकवतात.