पाहुणीनंही तोंड उघडावं

आम्ही राधानगरीच्या बचत गटाच्या बायका.

पावसाळ्यात आपल्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की घरोघरी पाहुण्यांची रीघ लागते. त्यांना धरण दाखवायचं, दाजीपूरला न्यायचं, जेवण कुठं करायचं, सगळं आपण ठरवतो. पाहुणे आपल्या मागनं येतात. आज जरा उलटं बघूया. आपणच पाहुण्या होऊन लेकाकडं किंवा लेकीकडं मोठ्या शहरात गेलो, तर कसं फिरायचं?

आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा इटलीत मिलान शहरात नोकरीला आहे. त्यानं आईवडिलांना बोलावून घेतलं. तिकडं जायला शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. सोबत निदान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा काढावा लागतो. ही कागदपत्रं आम्ही गटातच एकेक करून लावून दिली होती. वाटलं, झालं आता, काकू मजेत फिरतील.

आठवड्यानं काकूंचा फोन आला, तर आवाज उतरलेला. "पोरगं हौसेनं रोज काहीतरी दाखवतंय. पण माझे गुडघे भरून आलेत. त्याला नाही कसं म्हणू?" खोदून विचारल्यावर आणखी एक गोष्ट कळली. बाहेर पडायचं म्हटलं की काकू सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. लघवीला लागली तर कुठं जायचं आणि मुलाला, सुनेला सारखं कसं विचारायचं, हा संकोच.

मैत्रिणींनो, हे आपल्या सगळ्यांचंच दुखणं आहे. बाजारला गेलो, लग्नाला गेलो, तरी आपण हेच करतो. पण पाणी कमी प्यायलं आणि लघवी तुंबवून ठेवली की जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. परमुलखात आजारी पडण्यापेक्षा विचारलेलं बरं. तिकडं बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहाला पैसे पडतात, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवायची. कॉफीच्या दुकानात काहीतरी घेतलं की तिथली सोयही वापरता येते. 

मग आम्ही काकूंना विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय बघायचंय?" काकू गप्प. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी विचारलंच नाही."

त्या आठवड्याच्या बैठकीत आम्ही फ्लोरेन्सचा विषय काढला. इटलीतल्या या शहराशी आपल्या कोल्हापूरचं नातं आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडच्या प्रवासाला गेले. रोज काय पाहिलं ते त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आणि ती रोजनिशी पुढं १८७२ साली छापली गेली. परत येताना फ्लोरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच वारले. वय अवघं २० वर्षांचं. त्या काळी तिकडं दहनाची रीत नव्हती. बरोबरच्या माणसांनी खास परवानगी मिळवली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर महाराजांना अग्नी दिला. त्याच जागी १८७४ साली छत्री उभी राहिली. आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडाही आखला. आपलं राजाराम कॉलेज याच महाराजांच्या नावाचं. आणि याच गादीवर पुढं १८८४ साली शाहू महाराज दत्तक आले, ज्यांनी आपलं धरण बांधायला घेतलं.

हे ऐकून काकू मुलाला म्हणाल्या, "मला आपल्या महाराजांची छत्री बघायचीय." मुलगा चकित झाला. त्याला तिचा पत्ताच नव्हता. मिलानहून वेगवान रेल्वेनं दोनेक तासांत फ्लोरेन्स येतं. पण स्टेशनच्या पाटीवर फ्लोरेन्स लिहिलेलं नसतं, तिकडं त्याला फिरेन्झे म्हणतात. छत्री कासिने नावाच्या मोठ्या बागेच्या पश्चिम टोकाला आहे. ट्राम बागेच्या अलीकडच्या टोकाशी सोडते आणि तिथून पुढं तीनेक किलोमीटर चालावं लागतं. म्हणून काकूंनी आधीच सांगितलं, "मला एवढं चालवणार नाही." मग टॅक्सी केली. शहरातल्या मोठ्या चर्चच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत. मुलगा-सून वर गेले, काका-काकू खाली चौकात बाकावर बसले. कुणाचा हिरमोड झाला नाही.

संगमावर काकूंनी व्हिडिओ कॉल लावला. गटातल्या आम्ही सगळ्या फोनभोवती गोळा झालो. नदीकाठी झाडीत आपल्या राजाची छत्री बघून कुणाला बोलवेना. विशीतलं पोर, आईबापाचा देश इतका लांब. काकूंनी हात जोडले, तसे आम्हीही इथनं जोडले.

आता लक्षात ठेवायच्या चार गोष्टी. मुलांच्या घराचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत कागदावर लिहून कमरेच्या पिशवीत ठेवा. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवा. गर्दीत खिसेकापू असतात, पर्स पुढं धरा. अडचण आली तर युरोपात ११२ नंबर लावायचा. इटलीत बस-ट्रामचं कागदी तिकीट काढलं तर चढल्यावर मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड बसतो. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणजे आपली साडी एकदम बरोबर. फ्लोरेन्सची मोठी चित्रसंग्रहालयं सोमवारी बंद असतात, तो दिवस छत्रीसाठी ठेवा.

आपल्यातल्या सगळ्याच काही इटलीला जाणार नाहीत. पण पुण्याला लेकीकडं, मुंबईला भावाकडं जातोच की. निघायच्या आधी तीन वाक्यं घोकून ठेवा. मला हे बघायचंय. मला एवढं चालवत नाही. मला आता थांबायचंय. नेणाऱ्याला राग येत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. 

आणि ज्यांच्या घरी आईवडील, सासू-सासरे येणार आहेत, त्यांनी पहिल्या दिवशी चहाबरोबरच विचारावं, "तुम्हाला काय बघायचंय?" उत्तर यायला वेळ लागेल, कारण सवय नाही. थोडं थांबा.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्याला बघायची असलेली एक जागा सांगायची आहे. बघू कोण काय सांगतं ते.