इंजिनाने हवा धरली!



फेब्रुवारी महिना आहे. गहू चिकात आला आहे. या वेळी पाण्याची पाळी चुकली तर दाणा बारीक राहतो, हे शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन सकाळपासून चालू आहे. एकाएकी त्याचा आवाज बदलतो, दोन-चार आचके देऊन ते बंद पडते. पाहावे तर टाकी कोरडी! घाईघाईने डिझेल आणून टाकी भरली जाते. हँडल मारले जाते, एकदा, दोनदा, दहादा. हात भरून येतात, पण इंजिन काही सुरू होत नाही. मग कोणी जाणता माणूस येतो, एक छोटा स्क्रू सैल करतो, त्यातून फसफसत फेस बाहेर पडतो आणि थोड्या वेळाने तेच इंजिन पुन्हा धडधडू लागते. "काही बिघडले नव्हते, इंजिनाने हवा धरली होती," असे म्हणून तो पान्हा पुसतो.

आता गंमत पाहा. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटरसायकलीतले पेट्रोल संपले, तर पेट्रोल भरून चार किका मारल्या की ती सुरू होते. तेथे कोणी हवा काढत बसत नाही. मग डिझेल इंजिनालाच हवेचे एवढे वावडे का? आणि गाळणी, म्हणजे फिल्टर, बदलल्यावरही हवा काढावी लागते, ती का?

आधी एक सोपा प्रयोग करा. सुई नसलेली एक नवी प्लॅस्टिकची पिचकारी (सिरिंज) घ्या. १० मिलिलिटरची असली तर उत्तम. दट्ट्या १० च्या खुणेपर्यंत ओढून तिच्यात हवा भरा. पुढचे तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि अंगठ्याने दट्ट्या दाबा. तो सहज ५ च्या खुणेपर्यंत जाईल आणि सोडताच मागे उसळेल. आता तिच्यात पाणी भरा. हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. पुन्हा तोंड बंद करून दाबा. दट्ट्या जागचा हलणार नाही. शेवटी अर्धे पाणी आणि अर्धी हवा घेऊन पाहा. दट्ट्या पुन्हा आत जाईल, कारण पाण्याच्या सोबतीला असलेली हवा दाबली जाते. हवा स्प्रिंगसारखी वागते, द्रव तसा वागत नाही. इंजिनाने हवा धरण्याचे सारे मर्म एवढ्यात आहे.

आता इंजिनाकडे वळू. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली यशस्वी करून दाखवलेल्या या इंजिनात सिलिंडरमधील हवा इतकी दाबतात, की ती आपोआप तापते. विहिरीवरच्या इंजिनात हवेचे आकारमान सुमारे सोळा-सतरा पटींनी कमी होते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो लगेच पेट घेतो.

पण दाबलेल्या हवेत फवारा घुसवायचा तर डिझेलला त्याहून कितीतरी अधिक दाब द्यावा लागतो. नोझलचे तोंड एका जबर स्प्रिंगने बंद केलेले असते. डिझेलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट झाला, तरच ते उघडते. हा दाब निर्माण करण्याचे काम इंधन-पंपाचे. डिझेलच्या पहिल्या इंजिनांत दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत फुंकत. पुढे १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात दट्ट्याच्या इंधन-पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि डिझेल इंजिन आटोपशीर झाले. आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ साली झाली. अशा इंजिनांनी महाराष्ट्रातल्या असंख्य विहिरींवरील मोटांची जागा घेतली.

पंप एका वेळी किती डिझेल ढकलतो, याचा हिशेब करू. ५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण १.१ लिटर डिझेल खाते. ते मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे मिनिटाला ७५० आणि तासाला ४५,००० फवारे उडतात. १.१ लिटरला ४५,००० ने भागा. उत्तर येते सुमारे २४ घन मिलिमीटर. ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण ५० घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे दर फवारा अर्ध्या थेंबाचा! इंजिन सुरू करताना पंप थोडे जास्त डिझेल देतो. ते आपण ५० घन मिलिमीटर धरू.

आता समजा, पंपाच्या दट्ट्यापुढील १५० घन मिलिमीटर जागा डिझेलने पूर्ण भरली आहे. २०० वातावरणांच्या दाबाखाली डिझेल शेकडा एक-दीड भागच आकसते, म्हणजे सुमारे २ घन मिलिमीटर. दट्ट्या तेवढा सरकला की तिथला दाब २०० पट होतो.

पण त्याच १५० घन मिलिमीटर जागेत हवा शिरली असेल तर? दट्ट्या ५० घन मिलिमीटर पुढे सरकला, की हवेचे आकारमान १०० घन मिलिमीटर होते. बॉईलच्या नियमानुसार दाब होतो दीडपट. दाबताना हवा थोडी तापते, म्हणून पावणेदोनपट म्हणा. कोठे दोनशे आणि कोठे पावणेदोन! नोझल उघडत नाही. दट्ट्या मागे येताच हवा पुन्हा फुगते आणि ताज्या डिझेलची जागा अडवून बसते. तुम्ही कितीही हँडल मारा, तुमचे श्रम त्या बुडबुड्याला दाबण्यात आणि सोडण्यात वाया जातात. कार्ब्युरेटरमध्ये हे होत नाही, कारण तेथे पेट्रोल वाटीत पडते, वाटीतील हवा वरच्या छिद्रातून निघून जाते आणि दोनशे पट दाबाची गरजच नसते.

बुडबुडे आपोआप का निघून जात नाहीत? टाकी पंपापेक्षा अर्धा मीटर उंच असली, तर त्या डिझेलच्या स्तंभाचा दाब वातावरणाच्या पंचविसाव्या भागाएवढाच भरतो. एवढ्याशा दाबाने अरुंद नळीच्या वळणात अडकलेली हवा हलत नाही. तिला वाट करून द्यावी लागते.

मग मुळात फिल्टर उघडावा तरी कशाला? कारण पंपाचा दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांमधील फट २ ते ४ सहस्रांश मिलिमीटर असते. आपला केस साधारण ७० सहस्रांश मिलिमीटर जाड असतो. इतक्या नाजूक फटीत धुळीचा कण शिरला तर तो पोलादावर ओरखडा काढतो आणि पंप कायमचा दाब धरेनासा होतो. हे कण फिल्टरचा कागद अडवतो. कालांतराने तोच कागद गाळाने तुंबतो, डिझेल पुरेसे येत नाही आणि इंजिन भार ओढेनासे होते.

फिल्टर कसा बदलतात ते पाहू. हे काम मोठ्या माणसांबरोबरच करावे. इंजिन थंड होऊ द्यावे आणि जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नये. टाकीचा कॉक बंद करून फिल्टरचे भांडे बाहेरून आधी स्वच्छ पुसावे, नाहीतर उघडताना बाहेरचीच माती आत जाते. खाली डबा ठेवून मधला बोल्ट सोडला की भांडे हातात येते. तळाशी पाण्याचे थेंब दिसतील. पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून ते तळाला बसते. भांडे स्वच्छ डिझेलने धुवावे. धागे सुटणारे फडके वापरू नये. जुना कागदी भाग टाकून नवा बसवावा आणि रबरी कडेही नवेच घालावे, कारण जुन्या कड्यातून डिझेल झिरपते किंवा हवा आत शिरते. भांडे डिझेलने भरूनच बसवले तर हवा कमी राहते. काढलेले घाण डिझेल मात्र विहिरीच्या काठावर ओतू नये. थोड्याशा डिझेलनेही पिण्याचे पाणी नासते.

आता हवा काढायची. क्रम टाकीकडून नोझलकडे, कारण मागची हवा डिझेलबरोबर पुढेच येणार. आधी पुढचे टोक साफ केले, तर मागचा बुडबुडा पुन्हा तेथे येऊन बसेल.

कॉक उघडून फिल्टरच्या माथ्यावरचा छोटा स्क्रू एक-दोन आटे सैल करा. हवा हलकी म्हणून ती वरच गोळा होते आणि स्क्रूही तेथेच असतो. आधी फेस येईल, मग बुडबुडे आणि शेवटी डिझेलची अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. ती थांबल्यावर आवळलात, तर हवा पुन्हा आत जाईल. मग पंपावरच्या स्क्रूची हीच कृती. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळीचा नट थोडा सैल करून, इंधनाचा दांडा पूर्ण उघडा ठेवून हँडल फिरवतात. तेथून बुडबुडे येणे थांबले की नट आवळतात. पुन्हा हँडल फिरवताना नोझलमधून 'कर्र कर्र' असा आवाज येतो. तो आला, की फवारा उडू लागला असे मेस्त्री न पाहताच सांगतो.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उडत्या फवाऱ्यापुढे बोट किंवा चेहरा कधीही नेऊ नये. इतक्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतले मांस सडून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आजच्या मोटारींतील 'कॉमन रेल' इंजिनात तर दाब एक ते दोन हजार वातावरणे असतो. तेथे नळीचा नट सैल करण्याची ही जुनी रीत मुळीच वापरायची नाही.

जाता जाता तुमच्यासाठी एक प्रश्न. मोटारीचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. कधी कधी ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागते, खोल जाते, पण गाडी नीट थांबत नाही. मेस्त्री चाकाजवळचा एक स्क्रू सैल करून काहीतरी बाहेर काढतो आणि ब्रेक पूर्ववत लागू लागतो. त्याने काय काढले आणि ते काढल्याने काय साधले? पिचकारी हातात घ्या आणि उत्तर शोधा.