भर समुद्रात रेंज कुठून येते?

25 जुलै 2020. हिंद महासागरात मॉरिशस बेटाजवळून ‘वाकाशिओ’ नावाचं एक मालवाहू जहाज चाललं होतं. लांबी जवळजवळ 300 मीटर! त्याचा ठरलेला मार्ग बेटापासून 22 सागरी मैल लांबून जाणारा होता. तरी ते थेट प्रवाळाच्या खडकावर चढून बसलं. का? जहाज चालवणाऱ्या जपानी कंपनीने नंतर जे सांगितलं, ते ऐकून हसावं की कपाळाला हात लावावा कळत नाही. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेलं होतं! त्यात पुरेसा बारकाईचा नकाशा नव्हता आणि बाहेर नजर ठेवणंही कमी पडलं. सुमारे 1000 टन तेल त्या निळ्याशार पाण्यात सांडलं.

पण खलाशांना नावं ठेवण्याआधी जरा थांबा. कोकणात अशी कितीतरी घरं आहेत, जिथला काका किंवा मामा ‘बोटीवर’ असतो. सहा-सहा, आठ-आठ महिने घर नाही. मोबाइलच्या टॉवरचा हात काही किलोमीटरपर्यंतच पोचतो, आणि समुद्रात टॉवर उभारणार कुठे? मग उरतं आभाळ.

विषुववृत्तावर, 35,786 किलोमीटर उंचीवर काही उपग्रह फिरत असतात. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तेवढ्याच वेळात तेही एक फेरी पूर्ण करतात, म्हणून खालून बघताना ते एका जागी टांगल्यासारखे वाटतात. घराच्या गच्चीवरची टीव्हीची डिश अशाच उपग्रहाकडे तोंड करून गप्प बसलेली असते. जहाजावरच्या डिशला मात्र गप्प बसायची सोय नाही. जहाज डावी-उजवीकडे कलतं, पुढे-मागे डोलतं आणि मध्येच वळतंही. एवढं सगळं होत असताना डिशचा नेम मात्र जराही हलता कामा नये. चालत्या एसटीत सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे तिची पंचाईत कळेल! हे काम जायरोस्कोप आणि छोट्या मोटारी करतात. जहाज किती कललं हे जायरोस्कोप सांगतो आणि मोटारी लगेच डिशला तेवढंच उलट वळवतात. दिवसरात्र हेच.

ही सगळी धावपळ आपल्याला दिसत नाही, कारण डिश एका पांढऱ्या घुमटाखाली असते. वारा आणि खारं पाणी घुमट अडवतो, रेडिओलहरींना आरपार जाऊ देतो. काही जहाजांवर असे दोन घुमट असतात. जहाज वळलं आणि त्याचीच डोलकाठी किंवा धुराडं एका डिशच्या आड आलं, की दुसरी डिश काम हाती घेते.

आता एक गणित. लहर सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावते. जहाजावरून वर आणि तिथून खाली जमिनीवर, म्हणजे निदान 72 हजार किलोमीटर. पाव सेकंद गेला! उत्तर परत यायला आणखी पाव. म्हणजे काकाला ‘हॅलो’ म्हटल्यावर त्याचं ‘हॅलो’ यायला अर्धा सेकंद. म्हणून आता बरीच जहाजं स्टारलिंकसारखे खालून फिरणारे उपग्रह वापरतात. ते साधारण 550 किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे वेळ फारच कमी लागतो. पण ते दीड-एक तासात पृथ्वीला चक्कर मारतात, म्हणजे डोक्यावर फार वेळ टिकत नाहीत. एक मावळला की दुसरा पकडायचा. त्यासाठी चपटा अँटेना असतो. त्यात शेकडो चिमुकले अँटेना बसवलेले असतात आणि लहरीची दिशा तो स्वतः जागचा न हलता बदलतो. मला विचाराल तर त्या नाचणाऱ्या डिशपेक्षा हीच मोठी जादू.

खरी गंमत पुढेच आहे. मोबाइलची रेंज किनाऱ्याजवळ येते, पण उपग्रहाची डिश किनाऱ्याजवळ आली की बंद करावी लागू शकते!

ती ज्या लहरींवर बोलते, त्यांतल्या काही लहरी जमिनीवरचे टॉवरही एकमेकांशी बोलायला वापरतात. जहाज जवळ येऊन मोठ्याने बोलू लागलं, तर टॉवरच्या गप्पांत खरखर होणार. मग भांडण सोडवायचं कोणी? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने. ही संस्था 1865 साली तारायंत्रासाठी सुरू झाली, आता तिचं मुख्यालय जिनिव्हात आहे. 2003 साली तिथे देशोदेशीची माणसं बसली आणि अंतरं ठरली. ‘सी’ पट्ट्यातल्या लहरी वापरणाऱ्या जहाजाने किनाऱ्यापासून 300 किलोमीटरच्या आत आणि ‘केयू’ पट्ट्यातल्या लहरी वापरणाऱ्याने 125 किलोमीटरच्या आत प्रक्षेपण करायचं, तर त्या त्या देशाची संमती हवी. कप्तानाला हे लक्षात ठेवत बसावं लागत नाही. जहाज कुठे आहे हे यंत्रणेला जीपीएसवरून कळतं आणि ती प्रक्षेपण आपोआप बंद करू शकते.

भारताचेही नियम आहेत. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, हा आपला सागरी प्रदेश. तिथे जहाजावर इंटरनेट कसं द्यायचं, याचे नियम 2018 साली आले. त्यांनुसार हे संदेश भारतातल्याच भूकेंद्रातून जायला हवेत. परवानगीशिवाय उपग्रह-फोन वापरला, तर तो गुन्हा ठरतो. सुरक्षेचा प्रश्न आहे, तेव्हा हे कडक असणारच.

खलाशांच्या हक्काचा नियम यायला मात्र उशीरच झाला. जहाजावरच्या कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाली. शक्य तिथे खलाशांना इंटरनेट द्या आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्या, असं ती सांगते.

मांडव्याच्या लाँचमध्ये बसाल, तेव्हा बाहेर नांगरलेल्या जहाजांकडे नीट बघा. पांढरे घुमट मोजा, आणि एकाच जहाजावर दोन दिसले तर शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला विचारा, ‘दोन कशाला हो?’ उत्तर नाही आलं, तर तुम्हीच सांगा.